उपाशी इंजिन

पंधरा ऑगस्ट जवळ आला की बडनेऱ्यातल्या एखाद्या शाळेचे सर मला बोलवायला येतात. झेंडावंदन झालं की माईक माझ्या हातात देतात आणि मुलं ठरलेला प्रश्न विचारतात, "काका, तुम्ही किती दुश्मन मारले?" मी सांगतो, "एकपण नाही. मी मेकॅनिक होतो." झालं! सगळ्यांची तोंडं पडतात. मग सर कानाशी येऊन म्हणतात, "साहेब, काहीतरी थरारक सांगा ना." थरारक म्हणे! अरे बाबा, माझ्या अख्ख्या नोकरीत माझ्या डोळ्यांदेखत एकच माणूस गेला आणि तो गोळीने गेला नाही. हरभऱ्याच्या दाण्याएवढ्या पितळेच्या तुकड्यापायी गेला. हे माईकवर उभं राहून सांगता येत नाही. म्हणून लिहायला बसलो.

माझी शेवटची पोस्टिंग इंजिनिअर्सच्या एका कंपनीत होती. रँक हवालदार, ट्रेड मेकॅनिक. सगळे मला उस्ताद म्हणत. कंपनीकडे बोटी होत्या आणि बोटींची इंजिनं माझ्या ताब्यात होती. फौजेत त्यांना ओबीएम म्हणतात. बोटीच्या मागच्या फळीला लटकवायचं, वर इंजिन, खाली पाण्यात पंखा. टू-स्ट्रोक. म्हणजे जुन्या स्कूटरसारखं, ऑइल वेगळं टाकायचं नाही, पेट्रोलमध्येच मिसळायचं. रोज सकाळी पीटी झाली की पाण्याने भरलेल्या ड्रममध्ये एकेक इंजिन उतरवून चालवून बघायचं, हे माझं काम. मी डोळे मिटून सांगू शकत होतो कोणतं इंजिन चालू आहे. यात काही मोठेपणा नाही. रोज ऐकलं की कळतं.

कंपनीत दोनच वऱ्हाडी. एक मी आणि दुसरा नायक मंगेश तायडे, बोट ऑपरेटर. गाव मूर्तिजापूर तालुक्यात. वडील जिनिंगमध्ये कामाला होते, आता घरी. आम्ही दोघं बोलायला लागलो की पुण्याकडची पोरं विचारत, "भांडण कशावरून चाललंय?" भांडण नव्हे बाबा, आम्ही जेवलास का म्हणून विचारून राहिलो! मंगेश उंच, काळासावळा, तोंडाचा पट्टा सदा सुरू. चारचौघांत मला उस्ताद म्हणायचा आणि दोघंच असलो की भाऊ. बोट मात्र अशी चालवायचा की बसलेल्याच्या हातातला चहा सांडायचा नाही.

आमच्या पीस स्टेशनला, म्हणजे सीमेपासून लांबच्या छावणीत, मोठा तलाव होता. तिथे दरवर्षी कंपन्यांच्या बोटींची रेस व्हायची. आमची कंपनी कधी जिंकलेली नव्हती आणि मेजर साहेबांना ते फार लागायचं. त्या वर्षी रेसच्या वेळी मी सुट्टीवर होतो, बहिणीच्या मुलीचं लग्न होतं. मी नाही हे बघून मंगेशने शहरातल्या एका ट्यूनरला गाठलं. मोटरसायकलच्या शर्यतींची इंजिनं तयार करणारा माणूस होता तो. त्याने आमच्या एक नंबरच्या इंजिनाचं जेट काढलं आणि लहान भोकाचं बसवलं.

जेट म्हणजे कार्ब्युरेटरमधला पितळेचा तुकडा. त्याला केसाएवढं भोक असतं आणि इंजिनाला पेट्रोल किती जायचं ते त्या भोकावर ठरतं. भोक लहान केलं की पेट्रोल कमी, हवा जास्त. याला वर्कशॉपमध्ये लीन म्हणतात. लीन केलेलं इंजिन पहिल्यांदा फार गोड वाटतं. धूर जातो, आवाज चढतो, थ्रॉटल दिला की झटक्यात उठतं. आज अमरावतीत ज्याची त्याची पोरं सायलेन्सर बदलून, फिल्टर काढून, "पिकअप वाढला" म्हणून खूश असतात ना, तेच. पण पेट्रोल नुसतं जळत नाही, ते इंजिनाला थंडही ठेवतं. टू-स्ट्रोकमध्ये तर ऑइलही त्याच्याच सोबत येतं. पेट्रोल कमी म्हणजे ऑइलही कमी. आत आग वाढते, पिस्टन फुगतो, सिलिंडरला घासतो. दोन-तीन मिनिटांच्या रेसमध्ये काही कळत नाही. लांब पल्ल्याला, भरल्या वजनाने चालवलं की गेलं.

रेस आम्ही जिंकलो. जिंकलो म्हणजे काय, दुसरी बोट अर्ध्या तलावात होती तेव्हा मंगेश काठावर हेल्मेट काढून उभा होता. कंपनीने नाचून मैदान उकरलं. पोरांनी ते काढलेलं मूळ जेट दोऱ्यात ओवलं आणि मेडल म्हणून मंगेशच्या गळ्यात घातलं. आणि कंपन्यांमध्ये एक जुना रिवाज होता, तो आमच्याकडे पहिल्यांदा लागू झाला. जिंकलेल्या इंजिनाला पुढच्या रेसपर्यंत पाना लावायचा नाही आणि कुठे बाहेर कामावर जायचं झालं तर ते इंजिन सगळ्यात आधी गाडीत चढवायचं. मानाचं इंजिन.

मी सुट्टीवरून परत आलो, ड्रममध्ये एक नंबर सुरू केलं आणि माझे कान उभे राहिले.

मंगेश बाजूलाच उभा होता, छाती काढून. "आयका भाऊ, कसं गाऊन राहिलं!"

"गाऊन नाई राहिलं. उपाशी हाय ते."

मी प्लग काढून दाखवला. धड इंजिनाचा प्लग चॉकलेटी निघतो. हा चुन्यासारखा पांढरा होता.

"पाह्य. आत चूल पेटली हाय. जेट वापस टाक."

"रिवाज हाय ना भाऊ," तो शर्टाच्या आतला दोरा बाहेर काढून हसला. "माया गळ्यातलं मेडल काढता का आता?"

मी सुभेदार बलविंदर सिंग साहेबांकडे गेलो. माणूस सरळ, कडक, पण कंपनीच्या इज्जतीच्या बाबतीत लहान पोरासारखा. म्हणाले, "उस्ताद, अगली रेस के बाद जो मर्जी करना. अभी जीते हैं, अभी हाथ मत लगाओ." मी पुन्हा एकदा गेलो. पुन्हा तेच उत्तर. हवालदार सुभेदाराला दोनदा सांगू शकतो. तिसऱ्यांदा सांगितलं तर ते सांगणं राहत नाही.

त्या पावसाळ्यात पूर्णेला पूर आला. सिव्हिलकडून मागणी आली, आमच्या कंपनीचा कॉलम, म्हणजे बचावाची तुकडी, निघाली. ऑर्डर मिळाली आणि पोरांनी पहिलं एक नंबर उचललं. मी म्हणालो, "साहब, इसका जेट बदलने दो, फिर चढाओ." सुभेदार साहेब म्हणाले, "रास्ते में हॉल्ट मिलेगा, तब कर लेना." मीही म्हटलं ठीक, हॉल्टला करू. हॉल्ट मिळालाच नाही. पुढून वायरलेसवर एकच चालू होतं, पाणी वाढतंय, लवकर या.

मूर्तिजापूरला शकुंतलेच्या, त्या बंद पडलेल्या छोट्या रेल्वेच्या, रुळांवरून आमची गाडी हळू झाली तेव्हा मंगेशने ताडपत्री वर केली. रूळ गवतात बुडाले होते. तो पोरांना सांगत होता, "या गाडीनं माया आजा परतवाड्याच्या बाजाराले जाये." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "बाबाले फोन केला भाऊ. पाह्याले येतो म्हणतात. मी म्हटलं हे काय लगन हाय का? तरी येतेच ते."

सकाळी आम्ही जागेवर पोचलो. गावाचं नाव लिहीत नाही, त्या लोकांना लई लोकांनी विचारून विचारून हैराण केलं आहे. रस्त्याचा भराव तेवढा कोरडा होता. त्याच्यापुढे सगळं पाणी. पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची, शेतं बुडलेली, फक्त शेंडे हलताना दिसत. त्याच्या पलीकडे नदीची मुख्य धार आणि धारेपार अर्धं गाव. खालच्या अंगाला जुना पूल होता. त्याच्या तोंडाशी झाडं, छपरं, कडब्याचे ढीग येऊन अडकले होते आणि पाणी त्यांच्या खालून घुसत होतं. त्या पुलाकडे बघून सुभेदार साहेबांनी पहिली ऑर्डर दिली. "पुल के पास कोई नहीं जाएगा. धार ऊपर से काटनी है. समझे?"

आमच्या पॉइंटला दोन बोटी होत्या. स्पेअर इंजिन तिसऱ्या बोटीसोबत पुलाच्या खूप खाली, दुसऱ्या गावाला गेलं होतं. दोन नंबरची बोट पहिल्याच फेरीत एका शेताच्या तारेच्या कुंपणात घुसली. पंख्याभोवती तार गुंडाळली आणि आतले गिअर तुटले. ती दोरीने ओढून आणली. आता पाण्यावर चालणारी बोट एकच होती. आणि तिच्यावर इंजिन कोणतं, हे सांगायला नको.

मंगेशसोबत पुढे दोरी धरायला सॅपर शिंदे, साताऱ्याचा. पहिल्या फेरीत त्यांनी शाळेच्या स्लॅबवरची बाया-पोरं आणली. दुसऱ्या फेरीत म्हातारी माणसं. भरावावर गर्दी होती, आणि त्या गर्दीतून एक बारीक अंगाचे, पांढरी टोपी घातलेले गृहस्थ माझ्याजवळ आले.

"जय भीम साहेब. मी मंगेशचा बाप."

मी पाया पडायला वाकलो तर त्यांनी हात धरला. "राहू द्या, राहू द्या. तुमी कामात हा. मायं पोरगं कोनत्या बोटीत हाय?"

"एकच बोट हाय काका. तो आवाज येऊन राहिला ना, तोच."

ते कान देऊन ऐकत उभे राहिले. पाणी एवढं पसरलेलं की बोट कधी दिसायची, कधी झाडांआड जायची. आवाज मात्र सतत येत होता. "चांगला खणखणीत हाय," ते म्हणाले. त्या खणखणाटाचीच मला भीती वाटत होती.

दुसऱ्या फेरीनंतर मी प्लग बघितला. पांढरा आणि कडेला चंदेरी ठिपके. ते ठिपके म्हणजे पिस्टनचं ॲल्युमिनियम, वितळून उडालेलं. मी मंगेशला बाजूला घेतलं.

"हे मरून राहिलं मंग्या. चढताना, रिकामी बोट असताना, चोक अर्धा ओढून चालव. हवा कमी जाईल, थोडं थंड राहील."

"चोक ओढला तं ताकद जाते भाऊ. धार कापत नाई. मी केलं ना मघा, बोट बाजूले पुलाकडं सरकून राहिली होती."

"मंग जेट बदलू. गळ्यातलं काढ."

या वेळी तो हसला नाही. त्याने दोरा काढून माझ्या हातावर ठेवला. मी सुभेदार साहेबांना म्हणालो, "साहब, बीस मिनट. इंजन खत्म हो रहा है." त्यांनी प्लग हातात घेतला, ठिपके बघितले. त्यांच्या चेहऱ्यावरचं मला अजून आठवतं. त्यांना सगळं कळलं होतं. "दिए. जल्दी कर."

मी इंजिनाचं कव्हर काढलं. कार्ब्युरेटरचा पहिला स्क्रू ढिला केला. तेवढ्यात गर्दीतून आरडाओरडा झाला. धारेपार, अगदी काठाला, एका मातीच्या घराची मागची भिंत धसली. काळ्या मातीची भिंत पाणी पिऊन फुगते आणि एकदम बसते, आवाजही होत नाही. छपरावर चार माणसं होती. एक म्हातारा, एक बाई, दोन पोरं. कोणाला दिसलीच नव्हती, घराच्या मागच्या उतारावर बसलेली. भिंत गेली तशी ती पुढच्या बाजूला सरकली आणि सगळ्यांना दिसली. पुढची भिंत किती वेळ राहील, हे वऱ्हाडातल्या कोणालाही विचारा. वीस मिनिटं नाही.

सुभेदार साहेब माझ्याकडे बघत होते. मी त्यांच्याकडे. ऑर्डर कोणीच दिली नाही.

मंगेश म्हणाला, "लावा भाऊ कव्हर."

मी स्क्रू आवळला. कव्हर लावलं. तुम्ही म्हणाल, का लावलं? चार माणसं छपरावर होती म्हणून. दुसरं उत्तर माझ्याकडे तेव्हा नव्हतं, आज नाही. जेट माझ्या मुठीत होतं. दुसरं, तस्संच, दोन नंबरच्या पडलेल्या इंजिनात होतं. इलाज माझ्यासमोर दोन आणि वेळ शून्य. मंगेशने दोरा माझ्या मुठीतून घेतला, पुन्हा गळ्यात घातला, लाइफ जॅकेटची पट्टी ओढली आणि भरावावर उभ्या बापाकडे बघून हात वर केला. काकांनीही केला.

बोट गेली. वायरलेसचा सेट सुभेदार साहेबांकडे होता, त्यांनी तो मला दिला. "तू बोल उससे. इंजन की बात तू ही जानता है."

"बोट एक, बेस. मंगेश, अर्धा थ्रॉटल, जमेल तेवढा वेळ. ओव्हर."

"बेस, बोट एक. रॉजर. चोक अर्धा हाय. सरकून राहिलो, पन जमते. ओव्हर."

जाताना त्याने खरंच इंजिन जपलं. लांबचा वळसा घेऊन, झाडांच्या आडोशाने गेला. घराला बोट लावली. भरावावरून आम्हाला ठिपक्यासारखं दिसत होतं. पोरं उतरली, बाई उतरली, म्हातारा उतरेना. शिंदेने त्याला खांद्यावर घेतला. बोट सुटली आणि मागे पुढची भिंत बसली. गर्दीने टाळ्या वाजवल्या. काकांनी टोपी काढून तोंड पुसलं.

मी सेट कानाशी घट्ट धरला. कारण आता बोट भरलेली होती आणि समोर धार होती. भरलेल्या बोटीने धार कापायची तर चोक आत आणि थ्रॉटल पूर्ण, याला पर्याय नाही. कमी केलं की पाणी बोटीला सरळ पुलावर नेणार.

"बेस, बोट एक. धारेत घालून राहिलो. पूर्ण थ्रॉटल. ओव्हर."

"बोट एक, रॉजर."

एवढंच म्हणालो. आणखी काय म्हणायचं होतं? सांभाळून? तो सांभाळूनच होता.

इंजिनाचा आवाज आला. सुरुवातीला नेहमीसारखा. बोट धारेच्या मध्यावर आली. आणि मग तो आवाज आपोआप वर चढला. हात न लावता चढतो तो. जीव जायच्या आधी उपाशी इंजिन असंच जोर करतं, एकदम हलकं होतं, बाहेरच्याला वाटतं काय जबरदस्त पळून राहिलं. माझ्या बाजूला काका म्हणाले, "पाहा, कसं वाढवलं त्यानं!"

मी सेटवर ओरडलो, "मंगेश, थ्रॉटल सोड! चोक ओढ! सोड!"

"सोडलं तं पुलावर जातो भाऊ."

त्याने ओव्हर म्हटलं नाही. त्याच्या मागे इंजिन किंचाळत होतं, सेटमधूनही आणि पाण्यावरूनही. मग टक् असा आवाज आला, आणि बंद.

इतकी गर्दी होती, पाणी एवढं गर्जत होतं, तरी मला एकदम सगळं शांत वाटलं. काकांनी माझी बाही धरली. "आवाज काहून बंद झाला साहेब? पोचले काय ते?"

मी पुलाकडे हात केला.

बोट पुलाकडे निघाली. मंगेश मागे उभा राहून दोरी ओढत होता, इंजिन पुन्हा सुरू करायला. मला माहीत होतं दोरी हलणार नाही. पिस्टन सिलिंडरला चिकटला की दोरी दगडात पुरल्यासारखी होते. तरी तो ओढत होता. पुलाच्या अलीकडे पाण्यात बाभळीची दोन मोठी झाडं उभी होती. शिंदेने पुढून दोर फेकला, पहिल्यांदा चुकला, दुसऱ्यांदा फांदीत अडकला. बोट झाडाला भिडली. शिंदेने पोरांना फांदीवर चढवलं. मंगेशने दोरी सोडली, बाईला ढकलून वर दिलं, म्हाताऱ्याला खालून खांदा लावला. चारही वर गेली. शिंदे वर गेला आणि त्याने मंगेशसाठी हात खाली केला.

वरून एक ओंडका येत होता. भरावावर आम्ही सगळे ओरडलो. शेकडो माणसं ओरडली. पाण्याच्या आवाजात त्याला काय ऐकू जाणार! सेट माझ्या हातात होता, त्याचा बोटीत खाली पडलेला. ओंडका बोटीच्या मागच्या फळीवर बसला, बरोबर इंजिनाजवळ. बोट उलटली, दोर तुटला. एकदा नारिंगी जॅकेट दिसलं, पुलाच्या तोंडाशी, मग कडब्याच्या ढिगाखाली गेलं. जॅकेट माणसाला वर आणतं, पण वर पूल असेल तर?

दोन नंबरची बोट माझ्या पायाशी होती. तिचे गिअर तुटलेले. मी तिच्यात बसलो होतो म्हणे. मला आठवत नाही. सुभेदार साहेबांनी मला कॉलर धरून बाहेर काढलं, आणि ते स्वतः रडत होते.

खालच्या गावाहून तिसरी बोट वर आली आणि तिने बाभळीवरची माणसं उतरवली. चौघं आणि शिंदे, सगळे वाचले. मंगेश दुसऱ्या दिवशी सापडला, पुलाच्या बराच खाली, एका संत्र्याच्या बागेत.

इंजिन पाणी ओसरल्यावर मिळालं. कोर्ट ऑफ इन्क्वायरीसमोर मीच ते खोललं. पिस्टनच्या डोक्याला अंगठा जाईल एवढं भोक, कडा मेणासारख्या वितळलेल्या. मेजर साहेबांनी तो पिस्टन हातात घेतला आणि विचारलं, "उस्ताद, पुराना जेट होता तो?" मी म्हणालो, "चलता, साहब." त्यांनी पिस्टन टेबलावर ठेवला आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले. मानाच्या इंजिनाचा रिवाज आमच्या कंपनीत त्यानंतर संपला. रेसची ट्रॉफी सुभेदार साहेबांनी स्वतःच्या हाताने स्टोअरमध्ये टाकली. पण खरं सांगू? मला कोणाचा राग करता येत नाही. जिंकलेल्या गोष्टीला हात लावू नये, असं कोणाला वाटत नाही? मंगेशलाही वाटलं. चूक कोणाची म्हणून बोट दाखवायला जातो आणि बोट कुठेच ठरत नाही. याचाच जास्त त्रास होतो.

पेन्शनवर आल्यानंतर मी मंगेशच्या गावी गेलो. आधी जायला हवं होतं, पाय उचलत नव्हता. काकांनी खुर्ची दिली, काकूंनी आतून चहा पाठवला. भिंतीवर मंगेशचा युनिफॉर्ममधला फोटो होता. इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग काका उठले आणि फोटोमागून एक दोरा काढून आणला.

"साहेब, हे त्याच्या गळ्यात होतं. दवाखान्यात आमाले देलं. आमच्यात गंडा-दोरा बांधत नाई. त्याचा तं बिलकुल इस्वास नव्हता. मंग हे काय हाय?"

जेट काळं पडलं होतं. भोकात चिखल वाळला होता.

मी म्हणालो, "गंडा नाई काका. इंजिनाचा पार्ट हाय."

"कोनत्या इंजिनाचा?"

"त्याच बोटीच्या."

काकांनी ते उजेडाकडे धरलं, फिरवून बघितलं. जिनिंगमध्ये जन्म काढलेला माणूस, मशीन त्यांना नवीन नव्हतं. हळूच म्हणाले, "इंजिनातला पार्ट हाय, तं पोराच्या गळ्यात काहून होता?"

वर्षभर मी या प्रश्नाला भीत होतो. मी सगळं सांगायचं ठरवून गेलो होतो, लीन, पिस्टन, वीस मिनिटं, सगळं. तोंड उघडलं तर एवढंच निघालं, "शर्यत जिंकला होता तो काका. तलावातली. मेडल म्हणून पोरांनी घातलं."

"जितला होता?"

"हाव. पह्यला आला होता. दुसरी बोट अर्ध्या तलावात होती."

काकांनी ते मुठीत घट्ट धरलं. मग आत वळून, काकूंना कमी ऐकू येतं म्हणून, मोठ्याने म्हणाले, "आयकलं काय? मंगेश पह्यला आलता. शर्यतीत. पह्यला आलता तो."

चहा गार झाला होता, तो मी तसाच प्यायलो.